गोदामातल्या सर्व्हरला टीएलएस प्रमाणपत्र, डीएनएस स्क्रिप्टने : इंदूरच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

मावसभावाचा शेव-नमकीनचा धंदा आहे. सियागंजात घाऊक दुकान, सांवेर रोडला कारखाना आणि त्याला लागून गोदाम. बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर गोदामातल्या एका जुन्या पीसीवर उबुंटू टाकून मीच बसवून दिलं होतं, त्यामुळे त्याचं दुखणंखुपणंही माझ्याच गळ्यात. दादाला, म्हणजे या मावसभावाला, आता खोक्यांवरचे बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचे आहेत. गोची अशी की ब्राउझर पानाला कॅमेरा देतो तो एचटीटीपीएस (टीएलएस प्रमाणपत्रावर चालणारी सुरक्षित जोडणी) असेल तरच. साध्या एचटीटीपीवर परवानगीची खिडकीसुद्धा उघडत नाही.

गेल्या वर्षी स्वतःचं रूट प्रमाणपत्र (ज्याच्या सहीवर फोनने विश्वास ठेवायचा ते मूळ प्रमाणपत्र) बनवून नऊ फोनांत हाताने घातलं होतं. अँड्रॉइड मग 'तुमच्या नेटवर्कवर नजर ठेवली जात असू शकते' अशी सूचना दाखवत राहतं. पॅकिंगवरची पोरं दादाला विचारायला गेली, "भिया, हमारे व्हाट्सअप पढ़ रे हो क्या?" तो उद्योग तिथेच संपला.

म्हणून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं खरं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. नेहमीची एचटीटीपी पडताळणी इथे चालत नाही. त्यात त्यांचा सर्व्हर तुमच्या मशीनच्या ८० नंबरच्या पोर्टवर येऊन फाइल वाचतो, आणि गोदामाचं ब्रॉडबँड सामायिक आयपीच्या (अनेक ग्राहकांत वाटलेल्या इंटरनेट पत्त्याच्या) मागे आहे, बाहेरून आत यायला वाटच नाही. राहिली डीएनएस पडताळणी. (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची वही.) डोमेनच्या आधी '_एक्मे-चॅलेंज' हे नाव जोडायचं, त्यावर त्यांनी सांगितलेली किंमत टीएक्सटी नोंदीत (डीएनएसमधल्या साध्या मजकुराच्या नोंदीत) लिहायची, ती त्यांनी वाचली की डोमेन तुमचं असल्याचं सिद्ध. मशीन बाहेरून दिसायची गरज नाही.

प्रमाणपत्र वाइल्डकार्ड घेणार आहे, म्हणजे डोमेनखालच्या सगळ्या नावांना एकच. एक तर वाइल्डकार्ड फक्त डीएनएस पडताळणीनेच मिळतं, म्हणजे वाट तीच. दुसरं म्हणजे दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक पारदर्शकता नोंदवहीत चढतं आणि कोणालाही वाचता येतं. गोदाम, कॅमेरा, हिशोब अशी आतली नावं जगाला कशाला सांगायची?

९ मार्च, रविवार

सगळं आधी हाताने करून पाहिलं. गोदामातल्या पीसीवर सर्टबॉट (प्रमाणपत्र मागवणारा प्रोग्राम) मॅन्युअल पद्धतीने चालवला, त्याने किंमत दिली, ती डोमेन घेतलं त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये चिकटवली, दहा मिनिटं थांबून एंटर दाबलं. प्रमाणपत्र आलं. चहासकट पंचवीस मिनिटं.

पण हे ९० दिवसांचं. दर दोन महिन्यांनी सांवेर रोडला येऊन चिकटवाचिकटवी करणार कोण? सर्टबॉटचं आपोआप नूतनीकरण अशा प्रमाणपत्राला साफ नकार देतं, पडताळणीची स्क्रिप्ट द्या म्हणतं. त्याचं बरोबरच आहे.

१२ मार्च, बुधवार

डोमेनवाल्या कंपनीचा एपीआय (स्क्रिप्टने नोंदी बदलायची सोय) आहे, म्हणजे स्क्रिप्ट पंधरा ओळींत होईल असं वाटलं. पहिल्याच पानावर अडलं. एपीआयला स्थिर आयपी लागतो, तोही आधी त्यांच्या यादीत नोंदवलेला. गोदामाचा आयपी तर राउटर बंद-चालू केला की बदलतो. महिना ४५० रुपयांचा एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर, स्थिर आयपीचा) घेतला आणि स्क्रिप्ट तिथून चालवायचं ठरवलं. दादाला हा खर्च कळला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अरे, ते प्रमाणपत्र फुकट असतं ना?"

१५ मार्च, शनिवार

आजची नोंद सविस्तर लिहितो. ही चूक दुसऱ्या कोणी करू नये.

सकाळी दहाला स्क्रिप्ट तयार झाली. एपीआयमध्ये नोंद लिहिण्याची एकच आज्ञा होती, तिचं नाव 'नोंदी ठरवा' अशा अर्थाचं. मी तिच्याकडून फक्त माझी टीएक्सटी नोंद पाठवली. उत्तर आलं : यशस्वी. डिग (डीएनएस नोंद विचारणारी आज्ञा) मारून पाहिलं, किंमत दिसत होती. खूश होऊन छप्पन दुकानावर पोहे खायला गेलो.

साडेअकराला मुनीमजींचा फोन. "भिया, ऑर्डर के मेल वापस जा रे हैं पार्टी के पास। पुणे वाले का फोन आया था।" मी म्हटलं मेलवाल्यांकडे गडबड असेल. पाच मिनिटांनी दादाचा फोन, दुकानाची वेबसाइटही उघडत नव्हती. तेव्हा पोटात गोळा आला.

त्या आज्ञेचा अर्थ होता, 'मी देतो तेवढ्याच नोंदी ठेव, बाकी सगळ्या पुसून टाक.' मी एक दिली, तिने एकच ठेवली. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी) गेली, वेबसाइटची ए नोंद (नावाचा आयपी सांगणारी) गेली, मेल खरंच आमचा हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमही गेल्या. कागदपत्रांत हे लिहिलेलं होतं, खाली, एका ओळीत. मी ते वाचलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.

मेल लगेच परत का गेले, तेही सांगतो. मेल स्वीकारणारा सर्व्हर थोडा वेळ बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, पत्र हरवत नाही. पण एमएक्सही नाही आणि ए नोंदही नाही म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने पत्ताच खोटा. तो वाट पाहत नाही, लगेच परत पाठवतो. दीड तासात किती पत्रं परत गेली ते मोजता येण्यासारखं नाही. मुनीमजींनी नंतर सात पार्ट्यांना फोन लावले.

जुन्या नोंदींची प्रत माझ्याकडे नव्हती. ए नोंद आठवत होती. एमएक्स आणि एसपीएफ मेल सेवेच्या मदत पानावर सापडल्या. डीकेआयएमची लांबलचक किल्ली मेलच्या प्रशासन पॅनेलमध्ये पुन्हा दाखवतात, पण त्या पॅनेलचा पासवर्ड दादाच्या जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन वहिनींच्या कपाटात. सगळं जागेवर बसायला दुपारचे चार वाजले. काही ठिकाणी जुनं उत्तर साठून राहिल्यामुळे रात्रीपर्यंत तक्रारी येत होत्या.

संध्याकाळी दोन कामं केली. सगळ्या नोंदींची प्रत काढून दादाच्या आणि माझ्या मेलवर ठेवली. आणि ती स्क्रिप्ट मोडीत काढली. दुरुस्त करता आली असती : आधी सगळ्या नोंदी वाच, त्यात आपली मिसळ, मग सगळ्या परत पाठव. पण मग दर दोन महिन्यांनी, रात्री कोणी जागं नसताना, एक स्क्रिप्ट अख्ख्या धंद्याच्या नोंदी पुसून पुन्हा लिहिणार. मधेच नेट गेलं तर? मला ते झेपणारं नाही.

१६ मार्च, रविवार

रात्रभर डोक्यात हेच. प्रश्न नोंद लिहायचा नाहीच. ज्या किल्लीने एक टीएक्सटी लिहायची त्याच किल्लीने एमएक्स पुसता येते, हा प्रश्न आहे. दुकानातल्या पोराला गल्ल्याजवळच्या फळीवरून फक्त डबा काढायचा आहे, तर त्याला तिजोरीची किल्ली कोणी देतं का?

उपाय जुनाच आहे. लेट्स एन्क्रिप्टचा सर्व्हर '_एक्मे-चॅलेंज' हे नाव विचारतो, तिथे सीनेम नोंद सापडली तर ती जिकडे बोट दाखवते तिकडे जाऊन टीएक्सटी वाचतो. म्हणजे मुख्य डोमेनमध्ये हाताने, एकदाच, सीनेम लावायचा आणि बोट दाखवायचं एका वेगळ्या छोट्या झोनकडे (नोंदींच्या स्वतंत्र संचाकडे). तो झोन माझ्या व्हीपीएसवर, बाइंड नेमसर्व्हरमध्ये (डीएनएसची उत्तरं देणाऱ्या प्रोग्राममध्ये). मुख्य डोमेनच्या पॅनेलला यापुढे कोणतीही स्क्रिप्ट हात लावणार नाही.

यात एक फायदा असा की स्थिर आयपीची अटच गळून पडते. बाइंडमध्ये बाहेरून नोंद बदलण्याची सोय आहे, आरएफसी २१३६ या इंटरनेट मानकाप्रमाणे, १९९७ पासून. विनंतीवर टीसिग किल्लीची (दोन्ही बाजूंनाच माहीत असलेल्या गुप्त किल्लीची) सही असते, ती कुठल्या आयपीवरून आली याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे सर्टबॉट गोदामातच चालेल, प्रमाणपत्राची खासगी किल्ली गोदामाबाहेर पडणार नाही, आणि व्हीपीएसकडे फक्त डीएनएसचं काम.

दादाला विचारलं, पॅनेलला पुन्हा एकदा हात लावू का? तो म्हणाला, "रविवारी लाव. सोमवारी नको."

लावला. दोन चुका इथेही. पॅनेल नावाच्या शेवटी डोमेन स्वतःच जोडतं, मी पूर्ण नाव टाकलं, त्यामुळे डोमेन दोनदा लागलं. आणि सीनेम लावण्याआधीच मी ते नाव डिगने विचारून पाहिलं होतं. 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) लक्षात ठेवतो, किती वेळ ते झोनच्या एसओए या प्रमुख नोंदीत ठरतं. आमचं एक तास होतं. तासभर मी बरोबर नोंदीकडे बघून ती चुकीची समजत बसलो. नवं नाव तयार होईपर्यंत ते विचारूच नये, आणि विचारायचंच तर थेट मुख्य नेमसर्व्हरला विचारावं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. काम शून्य.

२० मार्च, गुरुवार

कानामागचा हिरवा रंग अजून जात नाहीये. बाइंड बसवला. झोनची फाइल /एटसी/बाइंड मध्ये ठेवली, कारण बाकीच्या सेटिंग तिथेच असतात. टीसिग किल्ली बनवली, व्हीपीएसवरूनच एनएसअपडेट (नोंद बदलायची आज्ञा) चालवलं. उत्तर : सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हरला जमलं नाही.

लॉगमध्ये होतं की जर्नल फाइल बनवता येत नाही, परवानगी नाही. नोंद बाहेरून बदलली की बाइंड ती आधी झोनच्या शेजारी एका जर्नल फाइलमध्ये लिहितो. म्हणून फोल्डरचे हक्क बदलले. तरी तेच. मालक बदलला. तरी तेच. शेवटी चिडून सगळ्यांना लिहिण्याचे हक्क देऊन टाकले (असं करू नये), आणि तरीही तेच! तास गेला. मग कर्नलच्या लॉगमध्ये अॅपआर्मरची ओळ दिसली. उबुंटूमध्ये अॅपआर्मर बाइंडला /एटसी/बाइंड फक्त वाचू देतो, फाइलचे हक्क काहीही असोत. बदलणाऱ्या झोनची जागा /व्हार/लिब/बाइंड. फाइल तिकडे हलवली, एका मिनिटात काम झालं. आधीचे सैल केलेले हक्क आठवणीने परत आवळले.

त्यानंतर अर्धा तास फायरवॉलने खाल्ला. ५३ नंबरचं पोर्ट मी टीसीपीचं उघडलं होतं, यूडीपीचं विसरलो, आणि डीएनएसचे प्रश्न बहुधा यूडीपीनेच येतात. व्हीपीएसच्या आतून सगळं छान दिसत होतं, बाहेरून चिडीचूप. आता मी प्रत्येक तपासणी फोनच्या डेटावरून करतो, वायफाय बंद करून.

किल्लीला हक्क किती द्यायचे ते बाइंडच्या अपडेट-पॉलिसीमध्ये लिहिता येतं. मी लिहिलं : या किल्लीला या एका नावावर, फक्त टीएक्सटी. लगेच तपासलंही. त्याच किल्लीने त्याच झोनमध्ये ए नोंद लिहून पाहिली, नकार आला. आठवड्याभरात पहिल्यांदा नकार बघून बरं वाटलं.

२२ मार्च, शनिवार

सर्टबॉटला दोन स्क्रिप्ट द्यायच्या असतात, नोंद लिहिणारी आणि नोंद पुसणारी. डोमेन आणि किंमत तो त्यांना पर्यावरण चलांतून (स्क्रिप्ट सुरू होताना तिला मिळणाऱ्या माहितीतून) देतो. सीनेममुळे माझ्याकडे लिहायचं नाव ठरलेलं, त्यामुळे मी फक्त किंमत घेतो.

पहिल्या फेरीत एनएसअपडेट म्हणालं 'घड्याळ जुळत नाही'. टीसिगच्या सहीत वेळ असते, दोन्ही बाजूंत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की सही बाद. गोदामातला पीसी अकरा मिनिटं मागे होता. पूर्वी कधीतरी बिलिंग बसवताना मीच वेळ जुळवणारी सेवा बंद करून ठेवली होती, कशासाठी ते आता आठवत नाही. अकरा मिनिटं मागे असलेल्या घड्याळावर बाकी इंटरनेट व्यवस्थित चालत होतं, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. आणि वर्षभर बिलांवरची वेळही चुकीची छापली जात होती. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत दोन पडताळण्यांतली एक पास, एक नापास. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. हे कोडं मजेशीर होतं. मी प्रमाणपत्र मागत होतो मूळ डोमेन आणि वाइल्डकार्ड दोन्हींसाठी. दोघांची पडताळणी एकाच नावावर होते, पण किंमती दोन असतात. सर्टबॉट स्क्रिप्ट दोनदा बोलावतो आणि नंतर दोन्ही तपासायला सांगतो. माझी स्क्रिप्ट 'स्वच्छता' म्हणून लिहिण्याआधी त्या नावावरचं जुनं पुसत होती, त्यामुळे दुसरी किंमत आली की पहिली गायब. म्हणजे गेल्या शनिवारी एपीआयने माझ्याशी जे केलं तेच मी स्वतःशी करत होतो. आता लिहिणारी स्क्रिप्ट फक्त जोडते. पुसणारी त्या नावावरची सगळी नाही, फक्त दिलेली किंमत पुसते. एका नावावर दोन टीएक्सटी नोंदी सुखाने नांदतात.

हे कळेपर्यंत मी खऱ्या सर्व्हरवर पाच वेळा नापास झालो होतो. एका नावासाठी तासाला पाच नापास, पुढे दार बंद. सरावासाठी वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे हे माहीत असून मी 'आत्ता होईलच' म्हणून तिकडे गेलो नव्हतो. गेलो असतो तर संध्याकाळ वाचली असती. सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) जायचं ठरलं होतं, भुट्ट्याचा कीस राहिला.

२३ मार्च, रविवार

स्टेजिंगवर तीनदा सलग पास. मग खऱ्यावर, पहिल्या झटक्यात. मुदत २१ जून. एनजिनएक्सला (पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हरला) प्रमाणपत्र दाखवलं, रीलोड केला. सर्टबॉट ३० दिवस उरले की नूतनीकरण करतो, म्हणजे खरी परीक्षा २२ मे.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गोदामात पूजा होती, म्हणून नवे फोन आजच जोडून टाकू म्हटलं. चार फोनांवर पान उघडलं, बाकींवर 'सर्व्हर सापडत नाही'. आमच्या नावाची सार्वजनिक डीएनएसमधली नोंद १९२.१६८ ने सुरू होणारा आतला आयपी देते, आणि गोदामातल्या राउटरला ते पसंत नाही. बाहेरच्या डीएनएसने आतला पत्ता दिला तर तो हल्ला असू शकतो असं धरून राउटर उत्तर गिळतो. चालणारे चार फोन मोबाइल कंपनीच्या किंवा स्वतः निवडलेल्या डीएनएसवर होते. राउटरमध्येच त्या नावाची स्थानिक नोंद टाकली, ते चार फोनही राउटरच्या डीएनएसवर आणले आणि सार्वजनिक नोंद काढून टाकली. एका दगडात दोन पक्षी : आतला आयपीही आता बाहेर दिसत नाही.

पहिलं खोकं काकूंच्या हस्ते स्कॅन झालं. मग श्रीखंड.

१३ एप्रिल, रविवार

परवा, ११ तारखेला, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमचा ठराव मंजूर झाल्याचं वाचलं. सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. दादाचा चार्टर्ड अकाउंटंट त्याच्या ओळखीच्यांकडून वर्षभराचं विकतचं प्रमाणपत्र घ्यायला सांगत होता, 'एकदा घेतलं की वर्षभर डोक्याला ताप नाही' म्हणून. ही बातमी त्याला पाठवली. अजून उत्तर नाही.

२३ मे, शुक्रवार

काल नूतनीकरण व्हायला हवं होतं. झालं नाही. लॉगमध्ये चूक नाही, यशही नाही. सुरुवातीच्या ओळी आहेत आणि पुढे कोरं. हाताने चालवलं तर 'सर्टबॉट आधीच चालू आहे' म्हणाला.

गोदामात ४२ अंश, पंखा मशीनच्या तोंडावर. चालू प्रक्रियांची यादी काढली. सर्टबॉट कालपासून जिवंत, त्याच्या पोटात माझी स्क्रिप्ट, आणि स्क्रिप्टच्या पोटात 'स्लीप'. म्हणजे ती वाट पाहत बसली होती. चोवीस तास! कशाची?

लिहिणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी एक फेरा ठेवला होता : डिगने नोंद वाच, ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) आपली किंमत त्यात आहे का बघ, नसेल तर दहा सेकंद झोप, पुन्हा बघ. फेऱ्यांना मर्यादा घातली नव्हती. टीएक्सटी नोंद तर जागेवर होती, मी फोनवरून वाचली. मग ग्रेपला ती का दिसेना?

किंमत पुन्हा नीट पाहिली. पहिलं अक्षर हायफन होतं.

ही किंमत म्हणजे ४३ अक्षरं, ज्या ६४ चिन्हांतून बनते त्यात हायफनही आहे. हायफनने सुरू होणारा शब्द ग्रेपला शोधायचा मजकूर वाटत नाही, त्याला तो पर्याय वाटतो, आणि असा पर्याय मला माहीत नाही म्हणून तो कुरकुरतो. ती कुरकुर सर्टबॉटच्या पोटात, कारण स्क्रिप्ट संपेपर्यंत तो तिचा आवाज बाहेर येऊ देत नाही. माझ्या फेऱ्याला फक्त एवढंच कळत होतं, 'अजून सापडलं नाही'.

चौसष्टात एकदा असं होणार. आमच्याकडे दर वेळी दोन किंमती, म्हणजे साधारण बत्तीस नूतनीकरणांत एकदा. मार्चमधल्या सगळ्या चाचण्यांत ती पाळी आली नाही, आणि पहिल्याच खऱ्या वेळी आली. नशीब असं की आत्ता आली, २९ दिवस हातात असताना.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. हा फेरा मुळात हवाच नव्हता. तो एपीआयच्या दिवसांतला, तिथे नोंद पसरायला वेळ लागायचा. आता नेमसर्व्हर एकच, माझाच, एनएसअपडेट परत आलं की नोंद तिथे असतेच. जुन्या स्क्रिप्टमधून या चार ओळी मीच उचलून आणल्या होत्या, उपयोगी पडतील म्हणून.

२४ मे, शनिवार

फेरा काढून टाकला. त्या जागी एकदाच तपासणी, लॉगसाठी. ग्रेपला मजकुराआधी दोन हायफन दिले, म्हणजे पुढचं सगळं मजकूर म्हणून वाचतो, आणि शोध जसाच्या तसा करायला सांगितला. मग सर्टबॉटला बाजूला ठेवून स्क्रिप्ट हाताने चालवली, स्वतः बनवलेल्या किंमतींवर : हायफनने सुरू होणारी, अंडरस्कोरने सुरू होणारी, दोन हायफनची. हे मार्चमध्येच करायला दहा मिनिटं लागली असती.

कालची अडकलेली प्रक्रिया मारली, तिने मागे सोडलेली नोंद पुसली, नूतनीकरण चालवलं. पास. नवी मुदत २२ ऑगस्ट.

फोनवर पान उघडून प्रमाणपत्र पाहिलं तर मुदत २१ जूनच. डिस्कवर नवं, एनजिनएक्सच्या स्मृतीत जुनं. नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड करणारी स्क्रिप्ट मी मार्चमध्ये ठरलेल्या फोल्डरात ठेवली होती, तरी ती चाललीच नाही. कारण तिला चालवण्याचा हक्कच दिला नव्हता. अशी फाइल सर्टबॉट मुकाट्याने ओलांडून पुढे जातो, तक्रारही करत नाही. हे आज बघितलं नसतं तर २१ जूनला डिस्कवर ताजं प्रमाणपत्र असून गोदाम बंद पडलं असतं, आणि मी सर्टबॉटचा लॉग वाचत 'सगळं तर ठीक आहे' म्हणत बसलो असतो. तपासायचं ते फाइलमधलं नाही, सर्व्हर प्रत्यक्ष देतो ते.

४ जून, बुधवार

मुदत संपत आल्याची आठवण करणारी ईमेल लेट्स एन्क्रिप्टने आजपासून बंद केली. जानेवारीतच कळवलं होतं. आता पहारा आपला आपणच.

अडचण अशी की गोदामाचं मशीन बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या फुकट सेवा कुचकामी. आणि मशीननेच संदेश पाठवायचा म्हटलं तर मशीन बंद पडलं की संदेशही बंद, आणि शांतता म्हणजे सगळं ठीक असं आपण समजणार. मग एक देशी जुगाड केला. किल्लीला त्याच छोट्या झोनमध्ये आणखी एका नावावर टीएक्सटी लिहायचा हक्क दिला. गोदामातलं मशीन रोज सकाळी एनजिनएक्सला प्रमाणपत्र मागतं, किती दिवस उरले ते मोजतं आणि आजच्या तारखेसकट त्या नावावर लिहून टाकतं. व्हीपीएस ती नोंद वाचतो. दिवस २० च्या खाली गेले किंवा तारीख दोन दिवसांपेक्षा जुनी झाली, की माझ्या आणि दादाच्या फोनवर संदेश. ही नोंद जगात कोणीही वाचू शकतं, पण तिच्यात एक आकडा आणि एक तारीख, बाकी काही नाही.

आजची नोंद : ७९.

१५ जून, रविवार

सकाळी संदेश आला, 'गोदामाची नोंद जुनी'. मी अजून अंथरुणात. वाटलं पहाऱ्याच्या स्क्रिप्टमध्येच काहीतरी राहिलं असणार, नवी आहे. व्हीपीएसवर पाहिलं, शेवटची तारीख १२ जून.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "गोदाम तर चालू आहे, कालच दोनशे खोकी गेली. बिलं निघतायत, स्कॅनिंग चालू आहे." तरी गाडी काढली. सांवेर रोडवर कालच्या पावसाचं पाणी साचलेलं, पोचायला पाऊण तास. मशीन चालू, एनजिनएक्स चालू, एनएसअपडेट मात्र व्हीपीएसपर्यंत पोचतच नव्हतं. राउटरवर लाल दिवा.

ब्रॉडबँडचं रिचार्ज संपलं होतं. बिलिंग आतल्या आतच चालतं, राउटरमधली स्थानिक नोंदही आतलीच, पोरांचं बाहेरचं काम आपापल्या डेटावर. तीन दिवस नेट नाही हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दादाने तिथेच उभ्या उभ्या फोनवरून रिचार्ज मारलं, पाच मिनिटांत दिवा हिरवा. स्क्रिप्ट हाताने चालवली, नोंद आली : ६८. मुनीमजी मागून डोकावून म्हणाले, "भिया, ये बिजली के बिल का भी बता देगा क्या?"